तात्या टेंभेकर आणि फ्रान्सची गादी

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला आपण काय विचारतो? गाव कोणतं, पाऊसपाणी कसं, मुलंबाळं किती. तात्या टेंभेकर विचारायचे, "आपण विभक्त का अविभक्त?"

माणूस बिचारा जिलबी हातात धरून बघतच राहायचा. भावाभावांच्या वाटण्या झाल्यात का अजून एकत्र आहात, एवढाच त्याचा अर्थ. तो "विभक्त" म्हणाला की तात्या सुटकेचा श्वास टाकून म्हणत, "सुटलात." आणि "अविभक्त" म्हणाला तर त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच सांगत, "जपा हो. फ्रान्सचं हेच झालं."

सत्तावीस-अठ्ठावीस सालच्या सुमारास मी बारामतीच्या दिवाणी कोर्टात कारकून म्हणून आलो, तेव्हा तात्या तिथं जुने वकील होते. घर इंदापूरला. आठवडाभर बारामतीत एका खोलीत राहत आणि शनिवारी सर्व्हिस मोटारीनं इंदापूरला जात. ठेंगणे, पोट पुढं आलेलं, काळा कोट उन्हानं हिरवट झालेला. बगलेत बारा महिने छत्री. पावसात ती उघडलेली मी कधी पाहिली नाही, कारण ती भिजवायची नव्हती. ती तलवार होती. कधी भालाही होई. तपकिरीची डबी म्हणजे कॅले बंदर, आणि चहाची बशी म्हणजे पॅरिस. त्यांच्यासमोर चहा प्यायला बसलेल्या माणसाला पॅरिसमधून चहा ओढताना जरा अवघडल्यासारखं होई.

फ्रान्सच्या लढायांचं हे वेड कसं लागलं, तर एका आरामखुर्चीमुळं. नीरेच्या कालव्यावरचा कोणी गोरा इंजिनिअर विलायतेला परत गेला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. तात्यांनी आरामखुर्ची घेतली. खुर्चीसोबत एक पुस्तक फुकट मिळालं. खुर्ची पहिल्याच दुपारी तात्यांसकट जमिनीवर आली. पुस्तक मात्र टिकलं. त्याची पहिली वीसेक पानं वाळवीनं खाल्ली होती. लेखक कोण, असं विचारलं की तात्या म्हणत, "ते वाळवीला माहीत." उरलेल्या पुस्तकात इंग्लंड आणि फ्रान्सच्या राजांमधलं शंभर वर्षांचं युद्ध होतं.

दुसऱ्या कोणाला त्यात लढाया दिसल्या असत्या. तात्यांना दावा दिसला.

कोर्टासमोर म्हादूचं चहाचं दुकान होतं. गुळाच्या बाजाराला आलेले बागाईतदार तिथं टेकत. तात्यांनी पहिल्यांदा प्रकरण मांडलं ते त्यांच्यापुढं, मी शेजारच्या बाकावर होतो.

"हे बघा, फ्रान्सचा राजा चार्ल्स वारला. मुलगा नाही, सख्खा भाऊ नाही. बहीण इझाबेला, ती इंग्लंडात दिलेली. तिचा मुलगा एडवर्ड. म्हणजे मयताचा कोण?"

"भाचा," सगळे म्हणाले.

"आणि इकडं मयताच्या चुलत्याचा मुलगा फिलिप. म्हणजे चुलतभाऊ. तो लगेच गादीवर जाऊन बसला. आता सांगा, गादी कोणाची?"

बारामती-इंदापूर भागात या प्रश्नाला कोणी हसत नाही.

"मामाच्या जिमिनीवर भाच्याचा डोळा," एक म्हातारा मान हलवत म्हणाला. "आमच्या आळीत बी त्येच हाय."

"डोळा कसला? हक्क हाय त्येचा!" दुसरा उसळला. तो स्वतः मामाच्या जमिनीवर नांदत होता.

"मामा-भाच्यानं एका होडीत बसू नये म्हंत्यात, ते उगंच न्हाय."

"अहो, होडीतूनच आला की एडवर्ड!" तात्यांनी टाळी वाजवली. "सैन्य घेऊन आला!"

त्या दिवसापासून दुकानात दोन तट पडले: भाच्याचा आणि चुलतभावाचा. एडवर्ड आणि फिलिपची क्रेसीची लढाई तात्यांनी तीन बाजार पुरवली. दर बाजारी लोक गूळ विकायच्या आधी विचारत, "भाच्याचं काय झालं?" दोन पिकल्या मिशांचे म्हातारे एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि विहिरीचा नाही, बांधाचा नाही, हा तंटा फ्रान्सचा आहे हे घरच्यांना कसं सांगावं, हे त्यांच्या मुलांना कळेना.

तात्या स्वतः भाच्याच्या बाजूचे. खुल्लमखुल्ला. मग खादीवाली मंडळी त्यांना इंग्रजधार्जिणे म्हणू लागली. तात्या कळवळून सांगत, "अहो, मी इंग्रजांच्या बाजूचा नाही, बहिणीच्या मुलाच्या बाजूचा आहे!" त्यातच सरकारनं नवा कायदा केला आणि माणूस वाटणी होऊन वेगळा झालेला असला, तर वारसांत बहिणीच्या मुलाला चुलत्याच्या, म्हणजे चुलतभावाच्याही, पुढं बसवलं. ते वाचून तात्या कोर्टात धावत आले, धाप लागलेली, आणि माझ्या टेबलावर छत्री आपटून म्हणाले, "बापट, एडवर्ड जिंकला! फक्त कायद्याला सहाशे वर्षं उशीर झाला!"

काटेवाडीचे शंकरराव हे चुलतभावाच्या तटाचे म्होरके. तालमीत घुमलेला गडी, मोठी बागाईत. अॅजिनकोर्टच्या लढाईची हकिगत त्यांना पटेना. (हे नाव तात्यांचं फार आवडतं. "नावातच कोर्ट आहे, म्हणजे मुळात दिवाणी प्रकरण!") मूठभर इंग्रज तिरंदाजांनी फ्रान्सचे हजारो चिलखतवाले सरदार लोळवले, हे शंकररावांना अपमानास्पद वाटलं.

"लोखंड घातलेला गडी तिराला भितो व्हय?"

"तिराला नाही हो. चिखलाला. रात्रभर पाऊस, नांगरलेलं रान, आणि अंगावर दोन मणांचं लोखंड."

"चिखलाचं मला सांगू नगा. माझा जल्म चिखलात गेला."

"मग करून दाखवा."

त्या आठवड्यात तात्यांनी इंदापूर चुकवलं आणि रविवारी आम्ही काटेवाडीला गेलो. शंकररावांच्या उसाच्या नव्या रानाला नुकतंच पाटाचं पाणी दिलेलं. तात्यांनी स्वतःच्या हातानं शंकररावांना चिलखत चढवलं: डोक्यावर पितळेचं पातेलं, छातीवर परात, पाठीवर वाळूची दोन पोती, सगळं बैलाच्या दाव्यानं आवळून. पलीकडच्या बांधावर तिरंदाज म्हणून सात-आठ गडी ढेकळं घेऊन उभे. तात्यांनी छत्री वर केली.

शंकरराव निघाले ते झोकात. चौथ्या पावलाला घोट्यापर्यंत, सातव्याला पोटऱ्यांपर्यंत, आणि दहाव्याला उजवा पाय काढायला गेले तर डावा आणखी खाली गेला. मग ते हळूहळू, फार इभ्रतीनं, चिखलात बसले.

"सोडा!" तात्या ओरडले.

ढेकळं परातीवर घणघण वाजू लागली. त्या आवाजानं शंकररावांच्या मंडळी पार्वतीबाई घरातून धावत आल्या. नवरा चिखलात रुतलेला पाहून त्यांनी हंबरडा फोडला, "अगं बाई, माझी परात!"

शंकररावांना बैलजोडी लावून काढावं लागलं. तोंडातला चिखल थुंकून त्यांनी दिलखुलास कबूल केलं, "पटलं." मग जरा विचार करून म्हणाले, "पर तात्या, ते फरान्सवालं बांधावरनं का न्हाय गेलं?"

तात्यांनी छत्री बगलेत मारली आणि बारामती गाठली. दोन दिवस त्यांनी पुस्तक उलटंपालटं केलं. तिसऱ्या दिवशी काटेवाडीला खास निरोप धाडला: "तिथं बांधच नव्हता. अविभक्त कुटुंब."

फौजदाराचा प्रसंगही त्याच सुमाराचा. गावोगावी सत्याग्रह चाललेला, चहाच्या दुकानात साध्या कपड्यातला शिपाई बसलेला असायचा. त्यानं फौजदाराला वर्दी दिली, की टेंभेकर वकील चारचौघांत सांगतात, एक शेतकऱ्याची पोर उठणार आणि इंग्रजांना हाकलणार. तात्यांना बोलावणं आलं. एकटं जायला नको म्हणून मला बरोबर घेतलं.

"ही जोन कोण?" फौजदारानं कागद पुढं ओढला.

"मुलगी आहे. सतरा वर्षांची."

"गाव?"

"दोंरेमी."

"तालुका?"

तात्या घुटमळले. "तालुका... पुस्तकात दिलेला नाही."

"धंदा?"

"मेंढरं राखायची. मग देवदूतांनी तिला सांगितलं, ऊठ, इंग्रजांना हाकल. तिनं पुरुषाचा वेष केला, घोड्यावर बसली, आणि वेढा उठवला."

"हत्यार होतं?"

"तलवार. आणि निशाण."

"कसलं निशाण?" फौजदार एकदम सावध झाला. "तिरंगी?"

"पांढरं होतं, साहेब."

"मग पकडली का नाही तिला?"

"पकडली. इंग्रजांनी खटला चालवला आणि जिवंत जाळली."

फौजदाराची लेखणी थांबली. घरी त्याच्या चार मुली होत्या. त्यानं विचारलं, "वकील दिला होता का पोरीला?"

"नाही."

"हे बरोबर नाही," फौजदार म्हणाला, आणि कागद फाडून टाकला. पुढं शिपाई दुकानात यायचा, पण साहेबांना ऐकायचं असायचं म्हणून लिहून न्यायचा.

आता लासुर्ण्याचं प्रकरण.

लासुर्ण्याचा सदोबा म्हणून म्हातारा वारला. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. पाटाच्या पाण्याखालची चांगली जमीन. ज्ञानू हा त्याच्या बहिणीचा मुलगा, लहानपणापासून म्हाताऱ्याजवळ राहिलेला, त्यानंच शेवटी पाणी पाजलं. आणि मारुती हा चुलत्याचा मुलगा, शेजारच्याच रानात राबणारा. मारुती तात्यांकडं आला आणि एवढंच म्हणाला, "माझ्या भावाची जमीन परक्यानं बळकावलीय." तात्यांनी तळमळून वकीलपत्र घेतलं. दुसऱ्या बाजूची कैफियत आली तेव्हा कुठं त्यांना कळलं, तो परका म्हणजे मयताचा भाचा.

तात्या माझ्या टेबलाशी आले तेव्हा चेहरा पांढराफटक. "बापट," ते कुजबुजले, "मी फिलिप झालो."

मला हसू आलं, पण त्यांना नाही. कारण प्रकरण साधं राहिलेलं नव्हतं. ज्ञानूच्या उभ्या उसाला काडी लागली होती. कोणी लावली, कळलं नव्हतं. आठवड्यानं मारुतीचा बैल लंगडत घरी आला, मागच्या पायावर कुऱ्हाडीचा घाव. दोघं कोर्टात येत ते दहा-दहा माणसं घेऊन, आणि माणसांच्या घोंगड्यांखाली काय असे ते सगळ्यांना माहीत होतं.

सुनावणीला ज्ञानूचे वकील उठले. तरुण, पुण्याचे, चुणचुणीत. मुन्सफांना वाकून म्हणाले, "माझं म्हणणं मांडायला मला वेगळे कष्ट नकोत. विद्वान टेंभेकरसाहेबांनी गेली कित्येक वर्षं म्हादूच्या दुकानात ते मांडलेलंच आहे. भाचा हाच वारस."

सगळं कोर्ट हसलं. पट्टेवालासुद्धा. मुन्सफांनी ओठ दाबून विचारलं, "टेंभेकर, आपलं म्हणणं?"

तात्या उभे राहिले. त्यांना एकच वाट होती: सदोबा आणि मारुतीचं घर अविभक्त होतं, वाटणी झालीच नव्हती, असं म्हणायचं. मग नवा कायदा लागत नाही, भाचा बाजूला पडतो. तसे दोन जुने कागदही त्यांच्याजवळ होते. ते कागद त्यांनी वर उचलले आणि परत टेबलावर ठेवले. त्यांची नजर मारुतीवर गेली, मग ज्ञानूवर, मग दारातल्या त्या वीस घोंगड्यांवर.

"साहेब," ते शेवटी म्हणाले, "मी हे प्रकरण जिंकू शकतो. हे वकीलही जिंकू शकतात. पण कोणीही जिंकलं तरी ते उद्या संध्याकाळी लासुर्ण्यात पुन्हा सुरू होईल. समेटाला तीन तारखा द्याव्यात."

मुन्सफांनी दिल्या. पुण्याच्या वकिलांनीही हरकत घेतली नाही. त्यांना गंमत बघायची होती.

कोर्टाच्या आवारात लिंबाचं झाड होतं. त्याच्याखाली तात्यांनी मारुतीला एका बाजूला, ज्ञानूला दुसऱ्या बाजूला बसवलं, मध्ये छत्री आडवी ठेवली. ही इंग्लंड-फ्रान्समधली समुद्राची खाडी. ती ओलांडायची नाही. आणि फ्रान्सच्या राजाच्या मरणापासून सुरुवात केली.

पहिल्या तारखेला दोघंही दुसरीकडं तोंड करून बसले होते. क्रेसीच्या लढाईत एक आंधळा राजा आपला घोडा दुसऱ्यांच्या घोड्यांना बांधून घेऊन लढाईत शिरतो आणि मरतो, तिथं ज्ञानूनं मान वळवली. "आंधळा?" एवढंच म्हणाला.

दुसऱ्या तारखेला प्लेगच्या महामारीची पाळी होती. दोन्हीकडची गावंच्या गावं ओस पडली, पुरायला माणूस उरला नाही. ते ऐकताना मारुती जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. त्याचा बाप आणि ज्ञानूची आजी एकाच प्लेगात गेलेली, रानात एकाच झोपडीत.

"मग तवा तरी थांबलं आसतील," मारुती म्हणाला.

"नाही. थोडे दिवस. मग परत सुरू."

"येडी हायती काय?" ज्ञानू म्हणाला. चुकून मारुतीकडं बघून म्हणाला.

तिसऱ्या तारखेला वेड्या राजाची गोष्ट निघाली. फ्रान्सचा एक राजा भ्रमिष्ट झाला आणि त्याला वाटू लागलं, की आपण काचेचे आहोत. कोणाला हात लावू देईना. बसताना फुटू नये म्हणून जपून बसे. हे सांगताना तात्या स्वतः काचेचे झाले; दोन्ही हात अंगापासून लांब धरून, डोळे वटारून, बूड हळूहळू पारावर टेकवू लागले. तेवढ्यात झाडावरून एक लिंबोळी त्यांच्या डोक्यावर पडली, आणि तात्या मनापासून दचकून ओरडले, "फुटलो!"

मारुती हसला. ज्ञानूही हसला. मग दोघांनी एकमेकांना हसताना पाहिलं, आणि मग कोणाला थांबता येईना. मारुती पोट धरून आडवा झाला. घोंगडीवाली वीस माणसं कुंपणापलीकडून बघत राहिली, आता मारामारी करायची की नाही, हे त्यांना कळेना.

दोघं उठून म्हादूच्या दुकानात गेले. तास-दीड तासानं परत आले. ज्ञानू पुढं झाला.

"तात्या, आमचं ठरलं. निम्मी-निम्मी. हिरीचं पानी दोघांत. जळल्याला ऊस आन बैलाचा पाय, दोनी सोडून दिलं."

तात्यांना आनंद व्हायला हवा होता. ते गोंधळून म्हणाले, "आत्ताच? अहो, अजून तीसेक वर्षं आहेत! अजून जोन यायचीय!"

मारुतीनं हात जोडले. "तेवढं मातर नगं, तात्या. त्यापरीस निम्मी जमीन बरी."

मुन्सफांनी तडजोड नोंदवली. पुण्याच्या वकिलांनी तात्यांना वाकून नमस्कार केला, खरा नमस्कार. तात्या मात्र आठ दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. "पक्षकार एक झाले," ते मला म्हणाले, "पण श्रोते गेले."

नवव्या दिवशी कोर्टाच्या फाटकाशी एक बैलगाडी उभी राहिली. गाडीत गुळाची ढेप, आणि ढेपेच्या दोन बाजूंना ज्ञानू आणि मारुती. दोघंही जरा लाजल्यासारखे.

"जमिनीचं काय न्हाय," मारुती म्हणाला. "पर त्या पोरीचं काय झालं, ते ऱ्हायलंच."

तात्यांनी त्या दिवशीच्या बाकीच्या तारखा तहकूब मागितल्या. लिंबाखाली बसून सगळं सांगितलं, घाई न करता. ज्ञानूनं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. मारुतीनं फक्त विचारलं, "तिची आई होती का?" होती, असं तात्या म्हणाले. मग त्यांनी तपकिरीची डबी उघडली आणि न ओढताच मिटली.

पुढं माझी बदली झाली आणि बारामती सुटली. दोन-तीन वर्षांनी सोलापूरकडं जाताना आमची मोटार इंदापूरला थांबली, तिला पाणी प्यायचं होतं. बाजाराचा दिवस होता. खिडकीतून पाहिलं, तर रस्त्यापलीकडं भाज्यांच्या रांगेत तात्या उकिडवे बसलेले. वकिली सोडली असावी. अंगात कोट नव्हता, नुसतं उपरणं. केस पार पांढरे. समोर एका माळिणीचे कांदे जमिनीवर दोन फळ्यांत मांडलेले, आणि भोवती पाच-सहा माणसं वाकून बघत होती. बारके कांदे एकीकडं, थोराड एकीकडं. मधोमध सगळ्यांत मोठा, तांबडालाल एक.

एवढ्यात कोणी गिऱ्हाईक आलं. माळिणीनं सवयीनं मोठे कांदे तराजूत टाकले, त्यात तो लालही गेला. तात्यांच्या लक्षात आलं तोवर गिऱ्हाईक पिशवी झुलवत निघालेलं.

"अगं, तो राजा होता!"

"मला काय ठावं? त्यो बघा, गिऱ्हाईकानं नेला."

मला वाटलं, आता तात्या चिडणार. पण त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडले, "बरोबर! अगदी बरोबर! फ्रान्सचा खरा राजाही इंग्रजांनी भर लढाईतून असाच धरून नेला होता!"

माणसं हसली. मोटारीचं झाकण आदळलं, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी खाली उतरायला गेलो तोवर गाडी हलली. मागच्या काचेतून पाहिलं, तर माळीण टोपलीतून एक थोराड वांगं निवडून तात्यांपुढं धरत होती, आणि तात्या ते दोन्ही हातांनी घेत होते, मोठ्या अदबीनं, देठाचा मुकुट वर येईल असं.